‘मेलेन्कोलिया’तल्या किल्ल्या आणि बटवा

जर्मन चित्रकार ड्यूररच्या ‘मेलेन्कोलिया’ (म्हणजे उदासी) या छापचित्रात एक पंखवाली स्त्री उदास बसलेली आहे आणि तिच्यामागे भिंतीवर आकड्यांचा जादूचा चौकोन (उभी-आडवी बेरीज सारखीच येणारा) आहे. त्या चौकोनातल्या तळच्या ओळीतले 15 आणि 14 हे आकडे चित्राचं साल सांगतात, हे इथल्या चर्चेतलं म्हणणं पटतं. पण ड्यूररची आई त्याच वर्षी, मे 1514 मध्ये गेली म्हणून अख्खं चित्र शोकाचंच, हे मला मान्य नाही. त्या काळी ही उदासी शनीची मानत आणि सोळा घरांचा चौकोन गुरूचा, म्हणजे त्या शनीवर जवळजवळ उताराच!

तिच्या कमरेच्या किल्ल्या आणि बटव्याचा उल्लेख इथे कोणीच केलेला नाही. पूर्वतयारीच्या एका रेखाटनावर ड्यूररने स्वतः लिहून ठेवलंय: किल्ल्या म्हणजे सत्ता, बटवा म्हणजे संपत्ती. बाकीच्या वस्तूंचे अर्थ आपण लावतो, हे दोन त्याने स्वतः दिलेत. सत्ता-संपत्ती कमरेशी असूनही ती पंखवाली तशीच बसून आहे. अर्थ लावायला सुरुवात तिथूनच करावी.