प्रतिसाद: जर्मन सॅनिटेटर आणि स्ट्रेचरवाले

वरच्या चर्चेत 'दुसऱ्या महायुद्धात जर्मन सॅनिटेटर (म्हणजे सैन्यातले वैद्यकीय सैनिक) निःशस्त्र असत' असं आलंय, ते सरसकट खरं नाही. १९२९च्या जिनिव्हा करारानुसार वैद्यकीय सैनिकाला स्वतःच्या आणि जखमींच्या रक्षणापुरतं शस्त्र बाळगता येत होतं; बहुतेकांकडे पिस्तूल असे. पूर्व आघाडीवर दंडावरचा रेड क्रॉसचा पट्टा काढून रायफल घेणारेही होते.

दुसरा घोळ स्ट्रेचरवाल्यांचा. कंपनीतले क्राँकेनट्रेगर (नेमलेले स्ट्रेचरवाले) वेगळे आणि गरजेपुरते लढणाऱ्यांतून घेतलेले हिल्फ्सक्राँकेनट्रेगर (मदतनीस स्ट्रेचरवाले) वेगळे. या मदतनिसांच्या दंडावरच्या पट्ट्यावर रेड क्रॉस नसे, त्यांचं पदनाम लिहिलेलं असे.

कामाची रीत अशी: प्रत्येक सैनिकाच्या अंगरख्यात ड्रेसिंगची पुडी असे, आधी तीच वापरायची. सॅनिटेटरच्या कमरेच्या चामडी पिशव्यांतला साठा मोजकाच, तो पहिल्याच जखमीवर संपवून कसं चालेल? रक्त थांबवायला रबरी पट्टा आवळला की वेळ जखमीसोबतच्या चिठ्ठीवर लिहायची. ती राहिली तर पट्टा किती वेळ आहे हे पिछाडीच्या डॉक्टरला कळत नाही, आणि दोनेक तासांनंतर हातपाय गमावण्याचा धोका झपाट्याने वाढतो. चिठ्ठीला दोन लाल पट्ट्याही असत: दोन्ही ठेवल्या तर हलवू नये, एक ठेवली तर नेता येईल, दोन्ही फाडल्या तर चालत जाईल. पुढे बटालियनचं मदत केंद्र, मग सॅनिटरी कंपनीचं मुख्य ड्रेसिंग केंद्र.

धनुर्वाताचं सीरम जखम झाल्यावर द्यायचे. अमेरिकनांसारखी सरसकट आगाऊ लस भूदलात नव्हती. आणि काखेजवळ रक्तगट गोंदणं ही वाफेन-एसएसची (नाझींच्या एसएस संघटनेच्या लढाऊ शाखेची) पद्धत, साध्या पायदळाची नव्हे.