पायाला लागलंय पण बूड टेकत नाही: तुमच्या कुत्र्यांचे अनुभव सांगा

आमची इंडी (देशी कुत्री), वय दीड वर्ष. टेकडीवर बाटलीच्या काचेने पुढच्या पंजाची गादी कापली गेली. डॉक्टरांनी ड्रेसिंग करून दिलं आणि म्हणाले दोन आठवडे उड्या नाहीत, पळणं नाही, शी-शूला फक्त लीशवर. ऐकायला सोपंय हो, पण दाराची बेल वाजली की ही सोफ्यावरून थेट दारात! गादीवर सगळं वजन पडतं म्हणून भरत आलेली जखम परत उघडते म्हणे. तुम्ही कसं आवरलंत ते लिहा, औषधं डॉक्टर बघतायत.

---

लॅब्राडोर आहे, ठाणे. पाय थांबवायचे असतील तर नाक दमवा. आम्ही वाटीत जेवण देणंच बंद केलं, जुन्या चादरीत दाणे टाकून गुंडाळी करायची, गाठी मारायच्या आणि द्यायची सोडून, हुंगून हुंगून असा गाढ झोपायचा की विचारू नका. टाइल्सवर पाय घसरतो म्हणून हॉलभर योगा मॅट आणि सोफ्यावर खुर्च्या उलट्या. पाहुण्यांना चमत्कारिक वाटतं, वाटू दे.

---

बेलला उपाय: काढून टाका. खरंच. आम्ही दारावर "फोन करा" अशी चिठ्ठी लावली होती.

---

आमच्याकडे शेतावर कारवान जातीचा शिकारी कुत्रा आहे, जत भागात. ह्या जातीला बांधून ठेवणं म्हणजे शिक्षाच, पळण्यासाठीच जन्म त्यांचा. दिवाळीच्या सुमारास बोटांच्या बेचक्यात कुसळ घुसलं, बाहेरून नुसती फोड दिसत होती आणि हा सारखा चाटत होता. कुसळाला उलटे काटे असतात, ते आत आतच सरकतं, त्यामुळे फोड दाबत बसू नका, डॉक्टरांनी चीर देऊन काढलं. नंतर गोठ्यात म्हशीशेजारी बांधला, सोबत मिळाली की ओरडत नाही. वडील रोज संध्याकाळी त्याच्यापाशी जाऊन बसायचे, एरवी कुत्र्याला शिव्या घालणारा माणूस.

---

एक महत्त्वाचं. लंगडतोय, दुखतंय म्हणून घरातली ब्रुफेन, क्रोसिन देऊ नका कुणी. कुत्र्याला विषबाधा होऊ शकते. आणि पट्टी बांधलेल्या पायाची बोटं रोज बघा, सुजली किंवा गार लागली तर पट्टी घट्ट झालीये, लगेच डॉक्टरकडे.

---

सोसायटीतल्या भटक्याचं केलंय आम्ही, तेही पावसाळ्यात. ओली पट्टी ही उघड्या जखमेपेक्षा वाईट, आत कुजतं, आणि माश्या बसल्या की अळ्या पडायला वेळ लागत नाही. बाहेर नेताना दुधाची पिशवी धुऊन वरून बांधायची, आत आला की लगेच काढायची, नाहीतर घामाने आतून ओलं होतं (कुत्र्यांना तळव्याला घाम येतो). वॉचमनकाकांनी मीटर रूममध्ये जागा दिली, तेवढ्यावरून कमिटीत भांडण झालं तो वेगळा धागा होईल.

---

नागपूर. पट्टी निघाल्यावरचं सांगते. नवीन कातडी गुलाबी आणि नाजूक असते, मे महिन्यात डांबरी रस्त्यावर नेऊच नका. हाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद टेकवून बघा, सोसलं नाही तर त्यालाही सोसणार नाही. आम्ही पहाटे उजाडायच्या आधी मैदानातल्या मातीवर न्यायचो, रोज थोडं थोडं वाढवत. आमचा बीगल मात्र पाय बरा झाल्यावरही आजी दिसली की लंगडायचा, बिस्किट मिळालं की चालायचा नीट.