मदत हवी आहे: जन्मभर ग्राफवर नक्षी काढली, आता माणूस काढायला बसलो तर तो हलेचना (सोलापूर)

नमस्कार मंडळी. इथं वाचतो बऱ्याच दिवसांपासून, लिहितोय पहिल्यांदाच. लांबलं तर सांभाळून घ्या.

वय ५८. सोलापुरात चादरीच्या कारखान्यात डिझायनर होतो. आमच्या वेळी डिझायनर म्हणजे ग्राफपेपर पसरायचा आणि एकेक चौकोन रंगवत बसायचं. ग्राफची एक ओळ म्हणजे जेकार्डचं, म्हणजे मागावर नक्षी उठवणाऱ्या यंत्राचं, एक कार्ड. भरलेला चौकोन म्हणजे कार्डाला भोक, आणि भोक पडलं की तिथला ताण्याचा (उभा) धागा वर उचलला जाणार. एक चौकोन चुकला की चादरभर तीच चूक, दर मोराच्या डोळ्यात. त्यात नक्षी बरेचदा अर्धीच काढायची, उरलेली अर्धी मागावर उलटून येते. ३१ वर्षांत फुलं किती काढली याला हिशोब नाही, पण पुरं फूल क्वचितच काढलं असेल.

आता रिकामा आहे आणि माणसं काढायची आहेत. शाळेत असताना एलिमेंटरीला ए ग्रेड होती, तेव्हापासूनची ही हौस. कुणाला विकायची नाहीत, प्रदर्शन नाही, हात चालतोय तोवर रोज काढत राहायचंय एवढंच.

अडचण अशी की माझी माणसं उभीच्या उभी राहतात. प्रमाण चुकत नाही. साडेसात डोक्यांची उंची, डोळे डोक्याच्या निम्म्यावर, कोपर कमरेच्या रेषेत, सगळं पाठ आहे. पण खांबाला कपडे घातल्यासारखं दिसतं. परवाची गोष्ट सांगतो. आमची ही ओट्यापाशी दुधाकडे बघत उभी होती, दोन्ही हात कमरेवर. दहा मिनिटांत काढली आणि मोठ्या तोऱ्यात दाखवली. तिनं चष्मा लावून नीट पाहिलं आणि म्हणाली, "छान आहे की ओ. पण वीट काढायची राहिली."

पंढरपूर इथून दीड-दोन तासांवर, त्यामुळे विनोद लगेच कळला. दूध मात्र तेवढ्यात उतू गेलं.

मागच्या वर्षी एका क्लासला नाव घातलं होतं. आजूबाजूला सगळी आठवी-नववीची, ग्रेड परीक्षेची पोरं. सरांनी मला एका नटाचा फोटो दिला, म्हणाले यावर चौकोन आखा, कागदावर मोठे चौकोन आखा आणि उतरवून घ्या. म्हटलं, सर, या चौकोनांतून सुटायला तर आलोय. दोन महिन्यांत सोडला.

मग वाटलं बाहेर बसून काढावं. एसटी स्टँडवर बाकड्यावर झोपलेले एक आजोबा काढत होतो. त्यांचा नातू आला आणि अंगावरच धावला, "काय लिहून घेताय? वसुलीवाले का?" वही दाखवली तर म्हणाला, आजोबा एवढे ताठ कुठं झोपतात! म्हणजे तिथंही तेच.

तर जाणकारांनी सांगावं. हात सैल होतो कसा? फोटोवरून काढावं की समोरच्या माणसावरून? सोलापुरात निवांत बसून काढता येईल अशी जागा कुठली? आणि चष्मा प्रोग्रेसिव्ह आहे, एकाच काचेत लांबचा आणि जवळचा नंबर. माणूस पाहायला मान वर, कागद पाहायला मान खाली, तासाभरात मानेचा काटा होतो. यावरही काही असेल तर सांगा.

प्रतिसाद १ (पुणे)

काका, काकूंनी अर्धं काम केलंय. मूर्तिशास्त्रात या उभं राहण्याला समभंग म्हणतात, दोन्ही पायांवर सारखं वजन. विठोबाला ते शोभतं. आपण दुधाकडे बघत असं उभं राहत नाही, एका पायावर भार देतो. ज्या पायावर भार, त्या बाजूची कंबर वर चढते आणि तोल सांभाळायला त्याच बाजूचा खांदा खाली उतरतो. म्हणजे खांद्यांची रेघ आणि कमरेची रेघ एकमेकींच्या उलट कलतात. मुरलीधर कृष्णाचा त्रिभंग, म्हणजे तीन ठिकाणी वाकलेलं अंग, हे याचंच वाढवलेलं रूप.

तुमचा हात दोन्ही बाजू सारख्या करायला सवकला आहे, म्हणून आधी या दोन तिरक्या रेघाच मारा. डोकं नंतर. मग गवंड्याचा ओळंबा आठवा. गळ्याच्या खोबणीतून तो मनात खाली सोडा. माणूस एका पायावर रेलून उभा असेल तर ओळंबा त्याच पायाच्या घोट्यापाशी उतरतो. तिथं उतरला नाही तर चित्रातला माणूस पडतोय किंवा कशाला तरी टेकलाय.

आणि दहा मिनिटं देऊच नका. मोबाईलवर ३० सेकंदांचा टायमर लावा, घरातल्या कुणालाही पोझ घ्यायला सांगा. अशी वीस चित्रं, मग दोन-दोन मिनिटांची पाच. बॉलपेननं, पाठकोऱ्या कागदावर. पेन्सिल दिली की तुम्ही रबर शोधणार. ३० सेकंदांत चौकोन भरायला सवडच मिळत नाही, हाच त्यातला डाव आहे. मनगट कागदावर टेकवू नका, रेघ खांद्यातून येऊ द्या. पहिले पंधरा दिवस सगळं भयंकर दिसेल. फाडू नका, तारीख घालून ठेवा.

फोटोबद्दल थोडं भांडतो. फोटोत खोली आधीच सपाट झालेली असते, आणि तुम्ही जन्मभर सपाटच काढलंय. सध्या फोटो बंद.

प्रतिसाद २ (सोलापूर)

काका, मीही इथलीच, नोकरी सांभाळून सात वर्षं स्केचिंग करते. स्टँडवर वाट बघणारी माणसं काढायला अवघड, कधी उठतील नेम नाही. त्यापेक्षा हातानं काम करणारी माणसं धरा. बिडी वळणारी बाई बघा. मांडीवर सूप, पान उचललं, तंबाखू भरली, वळली, दोरा गुंडाळला, परत पान. अर्ध्या मिनिटात ती पहिल्या ठिकाणी परत येते. एका कागदावर चार-पाच आकृत्या एकदम सुरू करायच्या. हात वर गेला की या आकृतीत दोन रेघा, खाली आला की त्या आकृतीत. इस्त्रीवाला, चप्पल शिवणारा, कडक भाकरी थापणारी मावशी, सगळ्यांना हेच लागू.

परवानगी आधी मागा, विशेषतः बायकांची. आणि चेहरा काढू नका. पाठ, खांदे, हात एवढंच काढलं की कुणाची हरकत येत नाही, शिवाय अंगाची ढब पाठीतूनच जास्त कळते. दुसऱ्या दिवशी त्याच जागी जा. तिसऱ्या दिवसापासून तेच चहा विचारतात.

जागा म्हणाल तर सिद्धेश्वर तलावाचा काठ, सकाळी सहा ते आठ. उन्हाळ्यात त्यानंतर बाहेर बसायचं धाडस करू नका, शाई निबवर वाळते. आणि जानेवारीत गड्ड्याची यात्रा, म्हणजे सिद्धेश्वराची, चुकवू नका. बाराबंदी (बंदांचा पांढरा अंगरखा) घातलेला माणूस नंदीध्वज, म्हणजे मानाची उंच काठी, पेलतो तेव्हा काठीचं वजन पोटाशी आणि अंग मागं झुकलेलं असतं. ते समभंगात काढून बघाच, काठी लोकांवर पडेल!

प्रतिसाद ३

चष्म्याचं: कागद मांडीवर आडवा ठेवू नका. ड्रॉइंग बोर्डला क्लिपनं लावा आणि बोर्ड जवळजवळ उभा करा, हातभर लांब, समोरच्या माणसाच्या शेजारी दिसेल असा. मान हलत नाही, नजर बाजूला जाते आणि येते. मी फक्त चित्र काढायला एका नंबरचा वेगळा चष्मा करून घेतला, हातभर अंतराचा. डॉक्टरांना अंतर मोजून सांगा. आडव्या कागदाकडे तिरकं बघून काढलं की आकृतीही ताणली जाते, उभ्या बोर्डावर ते होत नाही.

प्रतिसाद ४

ते विठोबाचं चित्र टाका ना काका.

धागाकर्ता (तीन आठवड्यांनी)

सगळ्यांचे आभार. विठोबा टाकणार नाही, तो हिनं फ्रिजवर लावलाय आणि आल्यागेल्याला दाखवते.

३० सेकंदांचा प्रकार सुरू केला. पहिल्या दिवशी टायमर वाजायचा तेव्हा माझं डोकंच काढून व्हायचं, तेही गोल आणि नीटनेटकं. आठव्या दिवशी कधीतरी पहिल्या दोन रेघा तिरक्या पडल्या. चुकून पडल्या, पण पडल्या. बोर्ड उभा केल्यापासून मान दुखत नाही.

आमच्या मागच्या गल्लीत बिड्या वळतात, तिथं ओळखीच्या एका वहिनींना विचारून बसलो. पहिला दिवस लाजण्यातच गेला, त्यांचा नव्हे, माझा. दुसऱ्या दिवशी एका कागदावर सहा आकृत्या. त्यातल्या पाच गोधडीच्या गाठोड्यासारख्या, पण सहावीत मान आणि डावा खांदा असा काही पुढं आलाय की त्या वहिनी स्वतःच म्हणाल्या, "माझं हेच दुखतंय बघा रात्रीचं." ग्राफवरच्या मोरानं असं कधी काही सांगितलं नव्हतं.

आता नवी शंका. पुण्याच्या दादांनी ओळंबा सांगितला तो पँटवाल्या माणसाला बरोबर लागू पडतो. पण नऊवारी किंवा गोल साडीत निऱ्यांच्या आत पाय कुठं आहे तेच दिसत नाही. भार कुठल्या पायावर हे कशावरून ओळखायचं? निऱ्या एका बाजूला जास्त ताणलेल्या दिसतात, तो गुडघा धरायचा का? कुणी साडीतल्या बायका काढत असेल तर सांगा, कारण दूध रोज तापतं आणि मॉडेल आता स्वतःहून कमरेवर हात ठेवून उभी राहायला लागली आहे.