'थिएटर'ला मराठीत काय म्हणायचं? (दवाखान्यातलं)

पानवही: ऑपरेशनआधी पेशंटला द्यायच्या माहितीपत्रकाचा अनुवाद करते आहे. मूळ इंग्रजीत नुसतंच 'थिएटर' आहे. मी 'शस्त्रक्रियागृह' लिहिलं. तपासणाऱ्या बाईंनी खोडून 'ऑपरेशन थिएटर' केलं. आईला दोन्ही वाचून दाखवलं, तर म्हणाली, "आपण तर 'आत घेतलं' म्हणतो." काय ठेवू?

गावठाण: ऑपरेशन थिएटर. शस्त्रक्रियागृह फक्त पाटीवर वाचलंय, कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. पण हे नाव पडलं कसं? तिथे कसलं नाटक?

जुनाकोश: नाटक नव्हे, बघणं. ग्रीक 'थेआट्रॉन' म्हणजे बघायची जागा. युरोपात शवविच्छेदन आणि पुढे शस्त्रक्रियाही विद्यार्थ्यांसमोर चालत. टेबलाभोवतीच्या चढत्या पायऱ्यांवर ते दाटीने उभे राहत. इटलीत पादुआला 16व्या शतकाच्या अखेरची अशी विच्छेदनाची जागा अजून टिकून आहे. आपलं 'प्रेक्षागृह' हुबेहूब तेच: प्र + ईक्ष्. नाट्यशास्त्रात त्याचे विकृष्ट, चतुरस्र, त्र्यस्र असे तीन आकार सांगितलेत. थिएटरला खरा प्रतिशब्द हाच. 'नाट्यगृह' म्हटलं की अर्थ अरुंद होतो.

रंकाळा: आज प्रेक्षागृह म्हणजे फक्त खुर्च्यांचा भाग. विंगा, मेकअप रूम कुठे घालायची? आणि थिएटर परकं कसं? आमच्या केशवराव भोसले नाट्यगृहाचं 1915 साली शाहू महाराजांनी बांधलं तेव्हाचं नाव पॅलेस थिएटर. आजोबा शेवटपर्यंत 'पॅलेस'च म्हणायचे.

धातुपाठ: ग्रीक 'थेआ' म्हणजे दर्शन. आपला 'ध्यै' धातू, त्यातून ध्यान. संस्कृत 'ध'चा ग्रीकमध्ये 'थ' होतो. मग थिएटर आपलंच नाही का?

जुनाकोश: एक अक्षर जुळलं म्हणून नातं ठरत नाही. 'थेआ'ची सोयरीक ग्रीकमध्येच 'थाउमा', म्हणजे आश्चर्य, या शब्दाशी लावतात.

लालबाग७: मुंबईचं हनुमान थिएटर, पुण्याचं आर्यभूषण थिएटर, दोन्ही तमाशाची. आत्याच्या तोंडी 'थेटर' म्हणजे तेच. सिनेमाला ती टॉकीज म्हणायची. आणि शुद्धतेचंच म्हणाल तर 'नाटकशाळा' किती सोज्वळ संस्कृत शब्द! पेशवाईत तो नाचणाऱ्या, ठेवलेल्या बाईला लावत.

फोंडेकर: गोव्यात पोर्तुगीज 'तेआत्रु'चं तियात्र झालं. पहिला प्रयोग मात्र 1892 साली मुंबईत. जागेचं नाव खेळालाच चिकटलं.

झिरोवॅट: तसंच 'मी थिएटर करते'. त्यावर दरवेळी कुणीतरी टोकतं, "नाटक करते म्हण." नाटक करते म्हटलं की लोक विचारतात, कुठल्या भूमिकेत? 'नाटकं करते' म्हटलं तर ढोंगीच ठरले.

जुनाकोश: 'रंगभूमीवर काम करते' म्हणा. इतका सुंदर शब्द हाताशी आहे.

झिरोवॅट: मी प्रकाशयोजना करते. प्रयोग चालू असताना रंगभूमीवर माझं पाऊलही पडत नाही.

पानवही: पत्रक सोमवारी द्यायचंय. 'ऑपरेशनसाठी तुम्हाला आत घेतील' चालेल का? बाई विचारतील, आत म्हणजे कुठे.

रंकाळा: झिरोवॅट, पाऊल कशाला पडायला हवं? रंगभूमी म्हणजे काय नुसत्या फळ्या? मराठी रंगभूमी दिन 5 नोव्हेंबरला करतो, तो काय फळ्यांचा?

जुनाकोश: फळ्यांना रंगमंच म्हणतात. मूळ संस्कृतात नुसतं 'रंग' म्हटलं तरी ती जागाच.