तीस एचपी कशाला, दादा?

चौघांसाठी बारा फुटी फायबर बोट आणि तीस एचपीचं इंजिन, असं तुमचं ठरत आलंय. माझं ऐकाल तर इंजिन आधी निम्म्याच्या खाली आणा. पोरंबाळं घेऊन फिरायचंय, शर्यत लावायची नाही. आठ-दहा एचपीचं फोर-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन, बास झालं. टू-स्ट्रोकसारखी पेट्रोलमध्ये ऑईल मिसळायची कटकट नाही, धूरही कमी.

मी पहिल्यांदा मित्राची बोट चालवली तेव्हा वळणावर मेव्हणा फोटोसाठी उठून उभा राहिला. बोट अशी कलली की मांडीवरच्या डब्यातली भडंग सगळी पाण्यात! तेव्हापासून रुंद, सपाट बुडाचीच बोट बरी वाटते. लाटांत आपटते, पण तळ्यात लाटा असतात किती? आणि इंजिनची ती लाल दोरी मनगटाला अडकवल्याशिवाय स्टार्टर ओढू नका; चालवणारा पडला की दोरी सुटून इंजिन जागच्या जागी बंद पडतं. लाइफ जॅकेट पोरांच्या मापाचीच घ्या, मोठ्यांची डोक्यावरून निसटतात.

पैसे मोजण्याआधी बोट उतरवणार कुठं ते मात्र ठरवा. राधानगरीच्या जलाशयाभोवती अभयारण्य आहे, रंकाळा तर भर कोल्हापूर शहरात. परवानगीशिवाय कुठंच जमणार नाही. शिवाय २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्यात इंजिनच्या बोटीची नोंदणी आलीय.