दहा सामने जिंकलेला संघ घरी, पाच जिंकलेला बाऊलला: कॉलेज फुटबॉलची निवड होते तरी कशी?

शनिवारचा_प्रेक्षक:

अमेरिकन कॉलेज फुटबॉलचा खेळ आता बऱ्यापैकी कळतो, पण डिसेंबर उजाडला की सगळं डोक्यावरून जातं. २०२५ च्या हंगामाचंच बघा. नोत्र डेम १०-२, म्हणजे दहा विजय आणि दोन पराभव, तरी प्लेऑफमध्ये, म्हणजे विजेतेपदाच्या बाद फेऱ्यांत नाही आणि पुढे एकाही बाऊलमध्ये, म्हणजे हंगामानंतरच्या खास सामन्यात नाही. मिसिसिपी स्टेट, राइस आणि ॲपलेशियन स्टेट हे तिन्ही संघ ५-७, तरी तिघेही बाऊल खेळले. विसावा ट्युलेन आणि चोविसावा जेम्स मॅडिसन प्लेऑफमध्ये, आणि एसीसी ही मोठी कॉन्फरन्स, म्हणजे विद्यापीठ संघांचा गट, जिंकलेला ड्यूक मात्र बाहेर.

हे सगळं एकाच नियमातून येतं की वेगवेगळ्या? बाऊलसाठी संघ निवडतं कोण? समिती, बाऊलवाले की कॉन्फरन्स? जाणकारांनी जरा उलगडून सांगावं.

चौथा_डाउन:

तुमच्या प्रश्नात दोन व्यवस्था एकत्र झाल्या आहेत. प्लेऑफचे १२ संघ एक समिती ठरवते, तिथे क्रमवारी चालते. उरलेल्या बाऊलच्या जागा (२०२५ मध्ये ३५ बाऊल, ७० जागा) करारांवर भरतात. तिथे राष्ट्रीय क्रमवारीला फारशी किंमत नाही. एकूण जागा ८२ आणि वरच्या श्रेणीत, म्हणजे एफबीएसमध्ये, २०२५ साली संघ १३६. दहातल्या सहा संघांना डिसेंबरात सामना मिळतो, त्यामुळे तळाशी पात्र संघ कमी पडणारच.

आधी पात्रता. नेहमीच्या १२ सामन्यांत किमान ६ विजय हवेत आणि पराभव विजयांपेक्षा जास्त नकोत. गोम अशी की विजय एफबीएस संघांविरुद्धचे धरतात. खालच्या श्रेणीतल्या, म्हणजे एफसीएस संघाविरुद्धचा फक्त एक विजय मोजला जातो, तोही तो संघ शिष्यवृत्त्यांची ठरलेली किमान पातळी राखत असेल तरच. २०२३ मध्ये आर्मीचा, म्हणजे लष्करी अकादमीच्या संघाचा, हंगाम ६-६ असा संपला, पण त्यातले दोन विजय डेलावेअर स्टेट आणि होली क्रॉस या एफसीएस संघांवरचे होते. म्हणून नेव्हीला, म्हणजे नौदल अकादमीच्या संघाला हरवूनही आर्मी पात्र ठरला नाही. नुसता गुणतक्ता बघणारे इथे हमखास चुकतात.

हवाईचा अपवादही माहीत असावा. हवाईला आणि त्यांच्याकडे जाऊन खेळणाऱ्या संघांना १३ वा सामना घ्यायची मुभा आहे. ६-६ असलेला संघ कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात हरून ६-७ झाला, तर त्याच्यासाठीही वाट ठेवलेली आहे. २०१२ मध्ये जॉर्जिया टेक असाच ६-७ ने सन बाऊलला गेला होता.

निवड_रविवार:

प्लेऑफचं मी सांगतो. सगळ्यात जास्त गैरसमज तिथेच आहेत.

समिती १३ जणांची. नोव्हेंबरपासून दर मंगळवारी २५ संघांची क्रमवारी जाहीर होते आणि शेवटची कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यांनंतरच्या रविवारी. एखाद्या सदस्याचा त्या विद्यापीठाशी संबंध असेल, तर त्या संघाची चर्चा चालू असताना तो खोलीबाहेर जातो.

२५ संघ एका झटक्यात लावत नाहीत. प्रत्येक सदस्य आधी आपल्या मते सर्वोत्तम ३० संघांची यादी देतो. तीन किंवा अधिक याद्यांत असलेला संघ चर्चेत राहतो. मग सहा संघांचा गट निघतो, प्रत्येकजण त्या सहांना १ ते ६ क्रमांक देतो आणि बेरीज सर्वांत कमी असलेले तीन संघ पक्के होतात. उरलेल्या तिघांत नवे तीन मिसळायचे आणि पुन्हा मतदान. असं २५ पर्यंत. मतदान गुप्त असतं.

ही पद्धत ध्यानात ठेवली की नोत्र डेमचं काय झालं ते कळतं. शेवटच्या आधीच्या आठवड्यात क्रम होता: अलाबामा ९, नोत्र डेम १०, बीवाययू ११, मायामी १२. मायामीने हंगामाच्या सुरुवातीलाच नोत्र डेमला २७-२४ हरवलं होतं. पण परस्परांतला सामना हा निकष समिती वापरते तो संघ तुलनेला जवळ असतील तेव्हा. तोपर्यंत दोघांच्या मध्ये बीवाययू होता. बिग १२ कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात टेक्सास टेकने बीवाययूला ३४-७ चोपलं, बीवाययू खाली घसरला आणि मायामी व नोत्र डेम शेजारी आले. शेजारी आल्यावर २७-२४ बोलला. मायामी १०, नोत्र डेम ११, बीवाययू १२. त्या शनिवारी नोत्र डेम आणि मायामी दोघेही खेळले नव्हते, तरी जागा बदलल्या. नोत्र डेमच्या पाठीराख्यांचा संताप मला समजतो, कारण ऑगस्टमधला निकाल नोव्हेंबरभर माहीतच होता. पण ज्याच्याकडून हरलात त्याच्या खाली तुम्ही, हा शेवटचा निर्णय मला योग्यच वाटतो. चूक आधीच्या आठवड्यांत होती.

मग अकरावा संघ बाहेर का? २०२५ मध्ये १२ जागांपैकी पाच कॉन्फरन्स विजेत्यांसाठी राखीव होत्या. क्रमवारीत सर्वांत वर असलेले पाच विजेते, कॉन्फरन्स कुठलीही असो. बिग टेनचा इंडियाना, एसईसीचा जॉर्जिया आणि बिग १२ चा टेक्सास टेक हे तिघे वरच होते. ड्यूक एसीसी जिंकून ८-५ झाला, पण पहिल्या २५ मध्ये आलाच नाही. म्हणून अमेरिकन कॉन्फरन्सचा विजेता ट्युलेन आणि सन बेल्टचा विजेता जेम्स मॅडिसन त्याच्या पुढे गेले. दोघे पहिल्या बाराच्या बाहेर असल्याने ११ वं आणि १२ वं मानांकन, म्हणजे प्लेऑफमधल्या जोड्या ठरवणारा क्रमांक, त्यांना दिलं गेलं. म्हणजे इतरांसाठी क्रमवारी दहाव्या नंबरवरच संपली.

एक फरक मात्र नीट धरा. २०२४ मध्ये पहिली चार मानांकनं आणि पहिल्या फेरीची सुट्टी फक्त कॉन्फरन्स विजेत्यांना होती. त्यामुळे क्रमवारीत नववा बॉइझी स्टेट तिसरा आणि बारावा ॲरिझोना स्टेट चौथा मानांकित झाला. सुट्टी मिळालेले चारही संघ उपांत्यपूर्व फेरीत हरले आणि आठव्या मानांकनाचा ओहायो स्टेट विजेता ठरला. २०२५ मध्ये मानांकन सरळ क्रमवारीनुसार झालं, राखीव जागा तेवढ्या कायम राहिल्या. जुने लेख वाचताना साल बघून घ्या.

करारपत्र:

आता उरलेल्या ७० जागा. बाऊल भरवतात ते स्वतंत्र आयोजक. प्रत्येकाचा एक-दोन कॉन्फरन्सशी काही वर्षांचा करार असतो: तुमचा एक संघ आमच्याकडे, अमुक क्रमाने. बरेच बाऊल ईएसपीएन या क्रीडावाहिनीच्याच एका कंपनीच्या मालकीचे आहेत, त्यामुळे सामना टीव्हीवर कसा चालेल हा विचार पहिल्यापासूनच असतो.

एसईसीचं उदाहरण घ्या. प्लेऑफचे संघ गेले की पहिली निवड सिट्रस बाऊलची. त्यानंतर सहा बाऊलचा एक गट आहे. तिथे बाऊल एकामागोमाग एक निवड करत नाहीत. कॉन्फरन्सचं कार्यालय विद्यापीठांची आणि बाऊलची पसंती विचारतं आणि स्वतःच वाटप करतं. बघतात काय? मागच्या वर्षी तिथेच गेला होता का, समोरच्या संघाशी याच हंगामात सामना झालाय का, पाठीराखे गाडीने पोचतील का, तिकिटं खपतील का. काही कॉन्फरन्समध्ये मर्यादाही असते: जास्त विजयांचा संघ शिल्लक असताना त्याच्यापेक्षा दोन विजय कमी असलेला उचलता येत नाही. एक विजय कमी असेल तर चालतं. म्हणून ७-५ चा संघ ८-४ च्या संघापेक्षा चांगल्या बाऊलला गेलेला दिसला तर तो घोटाळा नसतो.

तिकिटांचा मुद्दा किरकोळ समजू नका. २०१० च्या हंगामात कनेटिकट बिग ईस्ट कॉन्फरन्स जिंकून फिएस्टा बाऊलला गेला, तेव्हा १७,५०० तिकिटांची जबाबदारी विद्यापीठाच्या गळ्यात पडली. खपली थोडीच, बाकीचा भुर्दंड त्यांनीच सोसला. कितवा नंबर यापेक्षा किती माणसं येतील हे बाऊलवाले आधी का विचारतात, ते यावरून कळेल.

वरची हालचाल खाली कशी झिरपते तेही बघा. २०२५ मध्ये एसईसीचे पाच संघ प्लेऑफला गेले. पात्र संघ कॉन्फरन्सकडे दहाच होते. परिणामी लिबर्टी बाऊलची एसईसीची जागा रिकामी राहिली आणि सिनसिनॅटीसमोर नेव्ही उभा राहिला. रिकाम्या जागेवर ज्या कॉन्फरन्सकडे पात्र संघ जास्त आहेत त्यांच्यातला कोणीही चालतो.

अजून एक गुंता होता. पॅक-१२ ही कॉन्फरन्स फुटली तरी तिच्यातून गेलेले ओरेगॉन, यूसीएलए, ॲरिझोना वगैरे संघ २०२५ पर्यंत जुन्या पॅक-१२ च्याच करारांवर बाऊलला जात होते. २०२५ मध्ये यूएससी बिग टेनमध्ये असूनही अलामो बाऊलच्या जुन्या जागेवर दिसला तो याचमुळे.

शनिवारचा_प्रेक्षक:

मनापासून आभार, प्लेऑफचं चित्र स्वच्छ झालं. पण नोत्र डेम ११ वा होता, मग त्याला दुसरा कुठलाच बाऊल कसा नाही मिळाला? आणि ५-७ वाले ठरवतात कसे?

निवड_रविवार:

नोत्र डेमने स्वतःच नकार दिला. फुटबॉलमध्ये तो संघ कुठल्याच कॉन्फरन्सचा नाही, पण बाऊलपुरता एसीसीच्या करारात बसतो. त्याला जागा मिळणारच होती. प्लेऑफ हुकल्यावर त्यांनी हंगाम तिथेच थांबवला.

चौथा_डाउन:

५-७ चा क्रम शैक्षणिक निकालावर लागतो. प्रत्येक संघाचा एपीआर म्हणून एक आकडा असतो. खेळाडू अभ्यासात पात्र राहतात का आणि विद्यापीठात टिकतात का, यावरून तो निघतो. सगळे पात्र संघ संपले की आधी एफसीएसमधून नुकतेच वर आलेले, पुरेसे विजय असलेले संघ घेतात. २०२३ मध्ये जेम्स मॅडिसन आणि जॅक्सनव्हिल स्टेटला अशीच संधी मिळाली, २०२५ मध्ये डेलावेअर आणि मिझुरी स्टेटला. तरीही जागा उरली तर ५-७ चे संघ एपीआरच्या उतरत्या क्रमाने. वरच्याला पहिला होकार-नकार, तो नाही म्हणाला की पुढचा.

५-७ म्हणजे भीक घातली असं मानू नका. २०१५ मध्ये नेब्रास्का, मिनेसोटा आणि सॅन होजे स्टेट हे तीन ५-७ संघ गेले आणि तिघेही जिंकले.

२०२५ मध्ये नकारांची रांगच लागली. आयोवा स्टेट ८-४ आणि कॅन्सस स्टेट ६-६, दोघांचेही मुख्य प्रशिक्षक बदलत होते, दोघांनीही बाऊल नाकारला. बिग १२ ने प्रत्येकी ५ लाख डॉलर दंड ठोठावला. पुढे एपीआरच्या यादीतल्या अनेक ५-७ संघांनीही नाही म्हटलं आणि शोध पार ॲपलेशियन स्टेटपर्यंत खाली गेला.

करारपत्र:

नकारांमागचं कारण साधं आहे. प्रशिक्षक डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात जातात, खेळाडू ट्रान्सफर पोर्टलची, म्हणजे विद्यापीठ बदलण्याच्या नोंदणीची, वाट धरतात, एनएफएल या व्यावसायिक लीगला जाणारे दुखापतीच्या भीतीने खेळत नाहीत. २०२४ मध्ये मार्शल सन बेल्टचा विजेता होता, पण प्रशिक्षक सदर्न मिसला गेला आणि पाठोपाठ इतके खेळाडू पोर्टलमध्ये गेले की मार्शलने इंडिपेंडन्स बाऊलमधून माघार घेतली. त्याच्या जागी ५-७ चा लुइझियाना टेक आला आणि आर्मीकडून हरला. त्याआधी २०२३ मध्ये १३-० असूनही प्लेऑफबाहेर ठेवलेला फ्लोरिडा स्टेट निम्मा संघ घेऊन ऑरेंज बाऊलला उतरला आणि जॉर्जियाने ६३-३ ने धुऊन काढला. निकालापेक्षा खेळाडूंची उपस्थिती आधी तपासा, विशेषतः क्वार्टरबॅकची, म्हणजे आक्रमण चालवणाऱ्या खेळाडूची.

पुढच्या हंगामात स्वतः अंदाज बांधायचा असेल तर नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी कागद घेऊन बसा. प्रत्येक कॉन्फरन्सचे सहा विजयांचे संघ लिहा, दुसरा एफसीएस विजय असेल तर तो विजय मोजू नका. मंगळवारच्या क्रमवारीतून प्लेऑफचे बारा बाजूला काढा, पाच विजेते धरून. उरलेले त्या कॉन्फरन्सच्या बाऊल यादीवर वरून खाली बसवा, मागच्या वर्षीचा बाऊल आणि या हंगामातला सामना टाळून. जिथे जागा उरतील तिथे नुकतेच वर आलेले संघ, मग एपीआर. ज्या संघाचा प्रशिक्षक गेलाय त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह ठेवा.

शनिवारचा_प्रेक्षक:

हे लगेच करून बघतो. एक शंका: आर्मी-नेव्ही सामना निवडीनंतर होतो ना? मग त्यांचं कसं ठरवतात?

चौथा_डाउन:

हो, तो डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी, म्हणजे निवडीच्या रविवारनंतर असतो. संघ आधीच पात्र असेल तर काही अडचण नाही, रविवारीच त्याचं नाव लागतं. पाच विजयांवर अडकला असेल तर बाऊलला थांबवून ठेवावं लागतं किंवा राखीव संघ बघावा लागतो. कागदावर त्या दोघांसाठी वेगळा रकाना ठेवा.