मदत हवी आहे: जपानहून आलेली जुनी निसान सिल्व्हिया (एस-15) घेताना काय तपासावे?

नमस्कार मंडळी,

मी अमेरिकेत, न्यू जर्सीत राहतो आणि गेले सात महिने निसान सिल्व्हियाच्या शेवटच्या पिढीतील, म्हणजे एस-15 ही दोन दारांची कूपे शोधतो आहे. निसानने ही गाडी जानेवारी 1999 ते ऑगस्ट 2002 या काळात बनवली, पण अमेरिकेत ती कधीच विकली नाही. त्यामुळे इथे दिसणारी प्रत्येक गाडी बाहेरच्या देशात वापरली जाऊन आलेली असते. ज्यांनी स्वतः जपानहून गाडी मागवली आहे किंवा जुन्या गाड्यांच्या पत्र्याचे काम जवळून पाहिले आहे, त्यांच्या सल्ल्याची मला फार गरज आहे.

मी गाडी पुण्यात शिकलो, त्यामुळे उजव्या बाजूचे स्टिअरिंग आणि डाव्या हातातला गिअर यांची मला अडचण नाही; उलट तेच मला हवे आहे. भारतात तीन वर्षांहून जुनी वापरलेली गाडी आयात करता येत नाही, म्हणून ही हौस पुरी करायची तर ती इथेच करावी लागणार.

कायद्याची बाजू मी बऱ्यापैकी समजून घेतली आहे. गाडीला 25 वर्षे पूर्ण झाली की तिला इथल्या सुरक्षा मानकांतून सूट मिळते, मात्र ही वर्षे उत्पादनाच्या महिन्यापासून मोजतात. जपानी नोंदणीपत्रावर असतो तो पहिल्या नोंदणीचा महिना, तोही त्यांच्या हेइसेइ कालगणनेत (हेइसेइ 11 म्हणजे 1999), आणि उत्पादनाचा महिना सहसा त्याच्या आधीचा असतो. प्रदूषणाच्या नियमांतली सूट 21 वर्षांनंतर मिळते, परंतु गाडी मूळ स्वरूपात असावी अशी तिथे अट आहे. त्यामुळे ‘स्पेक-एस’ या बिनटर्बोच्या गाडीत नंतर टर्बो इंजिन बसवलेले असेल, तर ती मी विचारातच घेणार नाही.

सध्या माझ्यासमोर दोन गाड्या आहेत. पहिली पेनसिल्व्हेनियात आहे, तिची इथली कागदपत्रे तयार आहेत, आणि ती ‘स्पेक-आर’ आहे, म्हणजे 250 अश्वशक्तीचे टर्बो इंजिन आणि सहा गिअर. सस्पेन्शन, इंटरकूलर आणि सायलेन्सर बदललेले आहेत आणि मागच्या मडगार्डांच्या कडा आतल्या बाजूला वळवलेल्या आहेत, यावरून ती ड्रिफ्टिंगसाठी, म्हणजे वळणावर मुद्दाम मागची चाके घसरवत चालवण्यासाठी, वापरली गेली असावी असा मला दाट संशय आहे. या पिढीतला सहा गिअरचा गिअरबॉक्स आधीच्या पाच गिअरच्या गिअरबॉक्सइतका दणकट नाही, हे सर्वांना माहीत आहे. विक्रेता सभ्य आहे, परंतु त्याच्याकडे जपानमधील लिलावाचे पत्रक, म्हणजे लिलावाच्या तपासनिसाने गाडीच्या स्थितीबद्दल लिहिलेला अहवाल, नाही.

दुसरी गाडी अजून जपानमध्येच आहे आणि येत्या गुरुवारी लिलावात येणार आहे. ती ‘स्पेक-एस’ आहे, 165 अश्वशक्तीची, पाच गिअरची, आणि छायाचित्रांत तरी अगदी मूळच्या चाकांसकट दिसते. लिलावाच्या तपासनिसाने तिला साडेतीनचा, म्हणजे मध्यम, दर्जा दिला आहे. पत्रकातल्या आकृतीवर मागच्या उजव्या मडगार्डवर ‘डब्ल्यू2’ आहे, म्हणजे पूर्वी दुरुस्ती होऊन पत्रा लाटेसारखा राहिला आहे, आणि डाव्या दाराखालच्या पट्टीवर ‘एस1’, म्हणजे गंज. खाली हाताने लिहिलेला एक जपानी शेरा आहे, त्याचा अर्थ माझ्या वतीने बोली लावणाऱ्या निर्यातदाराने ‘तळाला गंज’ असा सांगितला. गाडी निइगाता भागातली आहे, जिथे समुद्राकडून येणारा बर्फ हिवाळ्यात खूप पडतो. खरी काळजी मला या गंजाचीच आहे.

माझा कल या दुसऱ्या गाडीकडे आहे. कमी ताकदीची का होईना, कोणी छेडछाड न केलेली गाडी मला जास्त मोलाची वाटते, कारण इंजिनाचे काम पुढे केव्हाही करता येते, पण कुजलेला सांगाडा पुन्हा पहिल्यासारखा होत नाही.

हे मी अनुभवातून सांगतो आहे. मार्चमध्ये मी मेरीलँडला एक एस-15 पाहायला गेलो होतो. ‘अपघात नाही’ असे विक्रेत्याने लेखी दिले होते. बाहेरून रंग सुरेख होता, परंतु डिकीतला गालिचा उचलून टॉर्च मारली, तेव्हा स्टेपनीच्या खळग्याच्या एका बाजूला सांध्यावरचे सीलंट नखाने दबत होते, आणि दुसऱ्या बाजूचे वाळून भेगाळलेले होते. म्हणजे मागून ठोकर बसून मऊ सीलंटच्या बाजूचा भाग नवा जोडला होता. त्या गाडीसाठी भरलेली आगाऊ रक्कम मला अजून परत मिळालेली नाही.

म्हणून मला आधी हे विचारायचे आहे की ‘एस1’ आणि ‘तळाला गंज’ हे दोन्ही एकत्र असतील, तर तो वरवरचा गंज असण्याची शक्यता किती धरावी? कुणी लिलावाच्या आवारात माणूस पाठवून तळाची छायाचित्रे काढून घेतली आहेत का, आणि सस्पेन्शन जिथे जोडलेले असते ती जागा व दाराखालच्या पट्टीचे टोक नीट दिसावे म्हणून त्याला नेमके काय सांगितले होते? जपानमध्ये ‘दुरुस्तीचा इतिहास’ फक्त सांगाड्याला इजा झाली असेल तरच नोंदवतात, बोल्टने बसवलेले दार किंवा बॉनेट बदलले तर नाही, हे मला ठाऊक आहे. पण मागचे मडगार्ड वेल्ड केलेले असते, तेव्हा तिथल्या ‘डब्ल्यू2’ मागे मोठी ठोकर लपलेली असू शकते का?

पेनसिल्व्हेनियातल्या गाडीबद्दल एकच प्रश्न आहे. निव्वळ चॅसिस नंबरावरून तिचे जुने लिलावपत्रक मिळवण्यात इथे कोणाला यश आले आहे का? ते मिळाले आणि त्यावर ‘आर’ (अपघातानंतर दुरुस्त केलेली गाडी) हा दर्जा नसला, तर मी ती गाडी पुन्हा एकदा लिफ्टवर चढवून पाहीन.

गुरुवारच्या बोलीची कमाल रक्कम मला निर्यातदाराला मंगळवारी रात्रीपर्यंत कळवायची आहे. त्याआधी लिलावपत्रक वाचून पाहण्याची कोणाची तयारी असेल, तर कृपया सांगावे. मी त्याचे स्वच्छ छायाचित्र लगेच पाठवीन.